भाग ३७ (लेखी रूप): होलोकॉस्टचा शोध, नगरच्या तळापासून

ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क माझ्यासारखंच आहे, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. सध्या मी भंडारदऱ्याला घरून काम करतेय. धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की दोन काड्या रेंज येते. त्यामुळे ऑडिओत मध्येच आवाज तुटला असेल तर समजून घ्या.

मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "होलोकॉस्ट, ज्यूंचा नरसंहार, हे सगळं युरोपातलं. आपला काय संबंध?" प्रश्न चांगला आहे. उत्तर आपल्याच जिल्ह्यातून सुरू होतं, म्हणून हा भाग.

आधी थोडक्यात पाया. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९४५ पर्यंत नाझी जर्मनीनं आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या सुमारे ६० लाख ज्यूंना ठार केलं. गोळ्या घालून, उपासमारीनं, विषारी वायूनं. रोमा लोक, अपंग, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी हेही लाखोंनी मारले गेले. 'जेनोसाइड' हा शब्दच १९४४ चा. राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञानं तो घडवला, कारण जे चाललं होतं त्याला तोवर नाव नव्हतं. आपण मराठीत वंशसंहार म्हणतो.

१९३३ नंतर ज्यांना निसटता आलं त्यांतले काही मुंबईला आले. भारतात असे निर्वासित किती आले, तर अंदाज हजार-दोन हजारांच्या आसपासचा. युरोपच्या मानानं अगदी चिमूटभर. ब्रिटिश सरकार सढळ हातानं व्हिसा देत नव्हतं. मुंबईत १९३४ मध्ये ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. आलेल्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी ही संस्था द्यायची. हमी असेल तर दार किलकिलं व्हायचं.

या लोकांपैकी एकाला तुम्ही नक्की ऐकलंय. आकाशवाणीची ती धून आठवते? सकाळी प्रसारण सुरू व्हायच्या आधी वाजणारी, तंबोऱ्यावर व्हायोलिन. तिचं श्रेय वॉल्टर कॉफमनला दिलं जातं. कार्लोव्ही व्हारीत जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला. प्रागला त्याचा पीएचडीचा प्रबंध तयार होता, पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी समर्थक आहे हे कळल्यावर त्यानं पदवीच नाकारली. भारतच का, तर इथला व्हिसा सहज मिळाला, इतकं साधं कारण तो सांगायचा. १९३७ ते १९४६ तो मुंबई आकाशवाणीवर होता. माझी आजी त्या धुनेवर चहा ठेवायची. तिला कॉफमन कोण ते माहीत नव्हतं. मलाही बीटेक होईपर्यंत माहीत नव्हतं.

चित्रकलेतही तेच. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा. त्यांना सुरुवातीच्या काळात उभं करणाऱ्यांत रुडॉल्फ फॉन लेडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंजर ही तीन नावं सतत येतात. तिघेही नाझींमुळे युरोप सोडून आलेले. लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हता, त्याची बायको ज्यू होती.

आता नगर.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि भारतातले जर्मन एका रात्रीत 'शत्रू देशाचे नागरिक' झाले. पुरुषांना पकडून अहमदनगरच्या मध्यवर्ती तळावर आणलं गेलं. आता हे नीट बघा. पकडताना कागद बघितला गेला, माणूस नाही. ज्याच्याकडे जर्मन पासपोर्ट तो आत. मग तो नाझी पक्षाचा सभासद असो, मिशनरी असो, की हिटलरपासून जीव वाचवून पळालेला ज्यू डॉक्टर असो.

या तळावर कोण होतं? 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर. सिनेमात ब्रॅड पिटनं त्याचं काम केलंय. हारर १९३८ पासून एसएसचा सभासद होता. ही गोष्ट जगाला कळली १९९७ मध्ये, सिनेमा आला त्याच वर्षी. त्याच तळावर ज्यू निर्वासितही होते. बॉम्बे टॉकीजचीही तीच गत: 'अछूत कन्या'चा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद, कॅमेरामन योसेफ विर्शिंग तसा नाही, पण युद्ध सुरू झाल्यावर ताब्यात दोघेही. सरकारी वर्गवारीत सगळे एकाच रकान्यात.

मग सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीनं एकेकाची चौकशी केली आणि बरेच ज्यू निर्वासित सुटले. १९४० मध्ये नाझी फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तशी इथेही भीती वाढली आणि काहींना पुन्हा पकडलं. पुढे १९४१ मध्ये नगरचा तळ देवळालीला आणि तिथून देहरादूनला गेला. काही कुटुंबांना पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला ठेवलं होतं. आपण पुरंदरला ट्रेकला जातो, मुरारबाजींचा पुतळा बघतो, उतरतो. तिथे युरोपातली मुलं वाढली हे कुठल्या पाटीवर मी तरी वाचलेलं नाही.

आणखी एक, कारण हे फॉरवर्ड मला दर दोन महिन्यांनी येतं: "कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाच हजार ज्यूंना वळिवड्यात वाचवलं." वळिवड्याची छावणी खरी आहे. १९४३ ते १९४८, जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित. पण ते बहुतेक कॅथलिक होते आणि त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं सोव्हिएत सरकारनं. कोल्हापूरनं केलं ते मोठंच काम, त्यात काही कमी होत नाही. पण ती वेगळी गोष्ट आहे. या विषयात चुकीचं कौतुकसुद्धा महागात पडतं. जे नरसंहार झालाच नाही म्हणतात ते अशाच चुका गोळा करून दाखवतात.

आता माझ्या धंद्याचा भाग: नाव कसं शोधायचं.

जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेकडे मारल्या गेलेल्यांच्या नावांचा डेटाबेस आहे. ६० लाखांपैकी सुमारे ५० लाख नावं आजवर जमली आहेत. त्यातली बरीच नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेल्या फॉर्मवरून. उरलेल्या दहा लाखांचं काय? काही गावांत फॉर्म भरायलाच कोणी उरलं नाही. दुसरा मोठा साठा जर्मनीतल्या बाड आरोल्सन गावात, आरोल्सन अर्काइव्ह्ज. छळछावण्यांची कार्डं, सक्तमजुरीच्या याद्या, युद्धानंतरचे शोधअर्ज. सुमारे पावणेदोन कोटी लोकांची माहिती. दोन्ही ठिकाणी मोबाइलवरून फुकट शोधता येतं.

शोधायला बसलात की पहिली अडचण स्पेलिंगची. भंडारदराच घ्या. इथल्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्यांवर इंग्रजीत 'दरा'चं 'धारा' झालंय. आमच्या तालुक्यातलं वाकचौरे आडनाव कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं. आता कल्पना करा, एक नाव पोलिशमध्ये, तेच जर्मन कारकुनानं ऐकून लिहिलेलं, तेच रशियन लिपीतून परत आणलेलं. माणूस एक, स्पेलिंगं पाच.

यावर जुना उपाय साउंडेक्स. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी त्याचं पेटंट झालं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एका कोडखाली येतात. पण वाघ हे आडनाव डब्ल्यू आणि व्हीनं लिहिलं तर पहिलं अक्षरच बदलतं आणि कोड वेगळा येतो. मॉस्कोविट्झमध्ये डब्ल्यू-व्ही मधोमध आहेत, तरी घोळ तोच, कारण साउंडेक्स व्हीला आकडा देतो आणि डब्ल्यू सोडून देतो. १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच या दोघांनी पूर्व युरोपातल्या ज्यू नावांसाठी वेगळी पद्धत बनवली. पहिल्या अक्षरालाही आकडा, व्ही आणि डब्ल्यूला एकच आकडा, कोड सहा अंकी. आज तिला डाइच-मोकोटॉफ साउंडेक्स म्हणतात आणि डेटाबेसच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. मी ती आधी ऑफिसात ग्राहकांची दुबार नावं काढायला वापरली होती. मुळात कशासाठी जन्मली ते नंतर वाचलं आणि दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले.

गावांच्या नावांचंही तेच. लेंबर्ग, ल्वुव, ल्विव्ह: तीन नावं, शहर एक. हसू नका. पुढे कोणी फक्त 'अहिल्यानगर' टाकून तळाच्या फायली शोधेल तर एकही सापडणार नाही. देवळालीचं इंग्रजी स्पेलिंगही मराठी उच्चाराला धरून नाही, ते वेगळंच.

नावात अजून एक खूण दडलेली असते. नाझी सरकारनं कायदा केला की १ जानेवारी १९३९ पासून ज्यांचं नाव सरकारी यादीप्रमाणे 'ज्यू' वाटत नाही अशा प्रत्येक ज्यू पुरुषानं 'इस्राएल' आणि बाईनं 'सारा' हे जादा नाव लावायचं. पासपोर्टवर १९३८ च्या ऑक्टोबरपासून लाल 'जे'. त्यामुळे ब्रिटिश काळातल्या फायलीत एखाद्या जर्मनाच्या नावात मध्येच 'इस्राएल' दिसलं, तर तो बहुधा निर्वासित. ते नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नसतं. म्हणून शोधताना ते नाव टाकूनही बघा आणि गाळूनही. नावापेक्षा जन्मतारीख जास्त भरवशाची. बाईचा शोध असेल तर माहेरचं नाव हवंच.

इथे एक गोष्ट मला, म्हणजे दिवसभर टेबलं आणि रकाने बनवणाऱ्या मुलीला, टोचत राहते. १९३९ च्या जर्मन जनगणनेत प्रत्येकाच्या चारही आजी-आजोबांचा वंश विचारला होता. जनगणनेची मोजणी पंचकार्डांवर, होलेरिथ यंत्रांनी व्हायची. यंत्रं पुरवणारी डेहोमाग ही आयबीएमची जर्मन उपकंपनी. नेदरलँड्समध्ये तर धर्माची नोंद असलेलं उत्तम लोकसंख्या रजिस्टर आधीपासून तयार होतं, चांगल्या हेतूनं केलेलं. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ ला ॲमस्टरडॅममधल्या काही कलाकारांनी आणि विद्यार्थ्यांनी हे रजिस्टर ठेवलेली इमारतच स्फोटकांनी उडवायचा प्रयत्न केला. थोडी कार्डं नष्ट झाली. बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हापासून डिझाइन मीटिंगमध्ये कोणी "धर्माचा एक रकाना ठेवून देऊ, पुढे लागला तर" म्हणालं, की मी विचारते, कशाला लागेल? ऑफिसात मला यावरून चिडवतात.

चिडवण्यावरून आठवलं. आपल्याकडे कडक सरांना 'हिटलर' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं हॉटेल निघालं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी विरोध केल्यावर नाव बदललं. हे ज्यू म्हणजे कोण? त्यांतले बहुतेक बेने इस्राएल, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, घरात मराठी बोलणारे. आपलीच माणसं.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल तर आरोल्सनचा 'एव्हरी नेम काउंट्स' उपक्रम बघा. स्क्रीनवर छावणीचं स्कॅन केलेलं कार्ड येतं. त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक आपण टाइप करायचा. एकच कार्ड एकाहून जास्त जणांकडे जातं आणि उत्तरं ताडून बघितली जातात, त्यामुळे घाबरू नका. जर्मन यायची गरज नाही, मदतीचा मजकूर बाजूलाच असतो. मी रात्री जेवणानंतर पाच-दहा कार्डं करते. काही कार्डांवर जमा केलेल्या सामानाची यादी असते: एक कोट, एक पँट, एक जोडी बूट. धंदा: शिंपी. जन्म: माझ्या पणजोबांच्या आसपासचा.

भारतातल्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल आहे. खातं उघडा आणि इंग्रजीत 'ज्युइश रेफ्युजीज' टाका. मग 'एनिमी फॉरिनर्स', मग 'इंटर्नमेंट' आणि 'अहमदनगर'. गृहखात्याच्या फायली येतील. काही स्कॅन धूसर आहेत, मोबाइलवर डोळे दुखतील, लॅपटॉप घ्या. नगर, देवळाली, पुरंदर, सातारा या भागात राहणारे कोणी असाल आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांनी 'गोऱ्यांच्या तळा'बद्दल काही सांगितलेलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कोणी सांगितलं, त्यांचं तेव्हाचं वय किती आणि जागा कोणती, हे तीन तपशील तेवढे आठवणीनं बोला. पुढचा भाग त्यावर करायचा विचार आहे.