आमच्या बैठकीतले आरमार

वर्ध्याच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे थोडे धाडसाचेच. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर. आमची धाम नदी पवनारला खडकांतून झुळझुळते खरी; पण तिच्यात कुणी गलबत हाकारल्याचे ऐकिवात नाही. अशा या कोरड्या गावी, गेल्या दिवाळीच्या सुटीत, आमच्या बैठकीत चार दिवस समुद्री चाच्यांचा नुसता धुमाकूळ चालला होता!

मुळात 'चाचा' हा शब्दच आमच्याकडे अडचणीचा. हिंदीच्या शेजारामुळे वर्ध्यात चाचा म्हणजे कोपऱ्यावर सायकलचे पंक्चर काढणारे प्रेमळ गृहस्थ. तेव्हा नववीतली आमची कन्या "बाबा, मी चाचा होणार," असे म्हणाली, तशी तिची आजी जपमाळ थांबवून तिच्याकडे पाहतच राहिली.

प्रकार असा झाला. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा सुटीला आला, तो एक खेळ घेऊन. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी छापून आणला. त्यात राक्षस आणि गुहा होत्या; पुढे त्याच धर्तीवर चाच्यांचेही खेळ निघाले. कागद, पेन्सिल, चित्रविचित्र फासे (त्यांतला एक तर वीस पैलूंचा!) आणि कल्पनाशक्ती, एवढेच भांडवल. एकाने सूत्रधार व्हायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार म्हणतो, "समोरून एक जहाज येते आहे, काय करता?" काय करायचे ते आपण ठरवायचे, ते साधते की फसते, ते फासा ठरवतो. आपल्या संगीत नाटकातही सूत्रधार असतोच. फरक इतकाच, की इथे संहिता कुणी लिहिलेली नसते.

कन्येने आपले पात्र मोठ्या हौसेने तयार केले. शक्ती अठरा, चपळाई सतरा, एका डोळ्यावर काळी पट्टी, दोन तलवारी, भीती कशाचीच नाही. पहिल्या संध्याकाळी या कप्तानीणबाईंनी दिसेल ते जहाज लुटले. तिसऱ्या जहाजानंतर मात्र ती गप्प झाली. सूत्रधार विचारी, "आता पुढे?" आणि ती फासा नुसता हातात खेळवी. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या कॅप्टनला काय हवंय, तेच मला कळत नाहीये."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमची ही मुलगी चारचौघांत बोलत नाही. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, अशी तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. म्हणून खेळात तरी तिचा आवाज बंद पडू नये, असे मला फार वाटले.

शिवाय हा विषय माझ्या धंद्यातला. 'अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा' हा प्रश्न घालण्यात माझी उभी नोकरी गेली. 'एकच प्याला'तला सुधाकर आपल्या लक्षात राहतो तो त्याच्या बुद्धीमुळे नव्हे. अपमान गिळता न येणाऱ्या त्याच्या मानी स्वभावामुळे. बलवान पात्र आणि बळकट पात्र यांत फरक आहे. पहिल्याला अंगात जोर लागतो; दुसऱ्याला एक ओढ, एक उणीव आणि एक बंधन लागते. पण मुलांना व्याख्यान नको असते, गोष्ट हवी असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना कान्होजी आंगऱ्यांची गोष्ट सांगितली.

इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी म्हणजे चाचा. मराठ्यांच्या दरबारी तेच सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. माणूस एक, नावे दोन! भांडण होते दस्तकाचे. कोकणच्या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर आमचे दस्तक, म्हणजे परवाना घ्या, असे कान्होजींचे म्हणणे. इंग्रजांना ते मान्य नव्हते. आपल्या दारावरून जाणाऱ्याकडून जकात घेणारा चोर की धनी, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवले.

आणि या माणसाला उणिवा नव्हत्या का? होत्या. युरोपियनांच्या भारी तोफांच्या उंच जहाजांशी भर समुद्रात समोरासमोर झुंजणे त्यांच्या आरमाराला परवडणारे नव्हते. म्हणून त्यांची गुराबे आणि वल्ह्यांची हलकी गलबते किनारा धरून राहत, वारा पडला की मोठ्या जहाजाला मागून गाठत, आणि अंगाशी आले तर उथळ खाडीत शिरत. उणीव ओळखली, म्हणूनच युक्ती सुचली. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले.

पेच तर त्याहून मोठा. ताराबाई की शाहू महाराज? कान्होजी प्रथम ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांनी कैदसुद्धा केले. पुढे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली आणि कान्होजी शाहूंच्या पक्षाला मिळाले. तलवारीने सुटले नाही ते बोलण्याने सुटले.

भाचा म्हणाला, "मामा, यात पात्राचं सगळं आलं की!"

"बाबा, त्यांनी कैद्यांचं काय केलं?" कन्येने विचारले. मी सांगितले : १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नराचे 'अल्जेरीन' नावाचे जहाज त्यांनी पकडले. त्या झुंजीत एक इंग्रज अधिकारी ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत सापडली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन कान्होजींनी तिला परत पाठवले. खंडणी घेतली, हे खरे. बाई सुखरूप घरी पोचली, हेही खरे.

कन्या बराच वेळ विचार करीत बसली. मग तिने जुना कागद फाडला. नव्या कप्तानीणबाईंची शक्ती अवघी नऊ. ही एका तांडेलाची मुलगी. दस्तक नाही म्हणून बापाची होडी जप्त झालेली. खोल पाण्याची तिला भीती. मात्र किनाऱ्यावरची प्रत्येक खाडी तोंडपाठ. आणि एक वचन : गरिबाची होडी लुटायची नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सूत्रधाराने नेमका तिथेच डाव टाकला. तिच्या जहाजावरचे धान्य संपलेले, खलाशी उपाशी. आणि समोर आली कोळ्यांची भरलेली होडी. खलाशी झालेले आमचे चिरंजीव ओरडले, "लुटा!" कन्या उभी राहिली आणि बोलू लागली. दहा मिनिटे बोलत होती. आपल्या बापाची होडी, ते वचन, उद्या आपल्यालाही लोक काय म्हणतील ते. सौभाग्यवती हातातला झारा तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मग फासा पडला. आले तीन! निम्मे खलाशी तिला सोडून गेले.

मला वाटले, आता रडणार. पण रात्री ती म्हणाली, "बाबा, आज खरी मजा आली. उद्या त्यांना परत कसं आणायचं, ते मी ठरवलंय."

कान्होजी १७२९ साली वारले. पुढे त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ साली विजयदुर्गावर इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून आंगऱ्यांचे आरमार बुडवले. परंतु ज्या मुंबईतून त्यांना चाचा म्हटले गेले, त्याच मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव मिळाले. दप्तरातले नाव पुसले जाते. माणूस संकटात कसा वागला, ते मागे उरते.

सुटी संपली, भाचा पुण्याला गेला. कन्या शाळेत हात वर करू लागली का? अजून रोज नाही. पण परवा एकदा केला म्हणे. बाकी त्या चार दिवसांत एकच गोष्ट वचनाविरुद्ध घडली : फराळाच्या डब्यांवर मात्र या मंडळींनी कसलेही दस्तक न दाखवता धाड घातली, आणि तिचे सरखेलपद आजीकडे होते!