प्रार्थना, वचन आणि राबणारे हात

ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचं नर्सी आहे आणि एकादशीला अर्धं गाव उपाशी असतं, तिथे ख्रिस्ती माणूस कसा जगतो, असं बाहेरगावचे स्नेही मला विचारतात. वसमतसारख्या तालुक्याच्या गावात ख्रिस्ती घरं शोधावी लागतात, हे खरं. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यातले बहुतेक मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूंना. आमच्याकडे येईपर्यंत हा आकडा फारच विरळ होतो. तरीही आठवड्यातली एक संध्याकाळ घरप्रार्थनेची असते आणि ती चुकत नाही.

घरप्रार्थना म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते. कोपऱ्यात ढोलकी आणि झांज, तिघांत मिळून ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची कडा फाटलेली एक प्रत. आधी भजनं होतात, मग पाळकसाहेब किंवा घरातलंच कुणी शास्त्रपाठ वाचतं. ज्यांना वाचता येत नाही त्या आजीबाई ऐकता ऐकता पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणतात, कारण ऐकून ऐकून तो अध्याय त्यांना पाठ झालेला असतो. मग साक्ष, आणि शेवटी विनंत्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाची शिजवून वाळत घातलेली हळद अवकाळी पावसात भिजलीय, कुणाचा मुलगा पुण्याला भरतीसाठी गेलाय. “प्रार्थनेत आठवण ठेवा,” एवढंच म्हणायचं. प्रभूची प्रार्थना झाली की चहा. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान घरातली बाईसुद्धा आजारी मुलाला घेऊन दारात बसलेली असते आणि तिला कुणी काही विचारत नाही.

प्रार्थना आणि वचन या दोन गोष्टी आम्ही अशा जपल्या आहेत. तिसरी गोष्ट सेवा. तिच्याबद्दल मला काळजी वाटते, आणि मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वाटचालीचा हा आढावा मी त्याच काळजीपोटी घेतो आहे.

आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबईत अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये आलं, नगरला १८३१ मध्ये. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. पण सरहद्दीच्या अलीकडे काम सुरू व्हायला आणखी दोन दशकं लागली, आणि ते मुख्यतः देशी माणसांच्या हातून झालं. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नौरोजी या मूळच्या पारशी पाळकांनी उभं केलं. जालन्याला आले रेव्हरंड नारायण शेषाद्री.

शेषाद्रींचं नाव आज मराठवाड्यातल्या शिकलेल्या माणसालाही माहीत नसतं, याची मला खंत आहे. ब्राह्मण घरातला हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागे निघाला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा बापाच्या ताब्यात दिला गेला आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. त्या वादाने मुंबई ढवळून निघाली होती. धर्म, कायदा आणि घर यांची ओढाताण मराठी समाजाने तेव्हा उघडपणे पाहिली. नारायणराव मात्र १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि पुढच्या दशकात जालन्याला येऊन राहिले. पागोटं त्यांनी सोडलं नाही. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते त्याच वेषात उभे राहिले.

जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. जमीन दिली हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी. मांग आणि महार समाजांतले जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना गावकीच्या जाचातून बाहेर येऊन स्वतःच्या जमिनीवर उभं राहता यावं, हा हेतू होता. विहीर, शेत, शाळा आणि मध्ये देवळाची इमारत. मुसलमान राज्य, हिंदू मुलूख, ब्राह्मण घरातून आलेला पाळक आणि अस्पृश्य मानलेली मंडळी, असं हे गाव. त्यातला सगळाच प्रयोग टिकला नाही. वेगळी वसाहत केली की नव्या मंडळींचा मूळ गावाशी संबंध तुटतो, ही अशा वसाहतींची उणीव होती आणि ती मी झाकणार नाही. पण जमीन, शिक्षण आणि उपासना एकाच माणसाने एकाच श्वासात मागितली, हे त्या काळात मोठं होतं.

आता शास्त्राकडे. मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचं काम बंगालमधल्या श्रीरामपुरात सुरू झालं. विल्यम कॅरी यांनी नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने काम केलं आणि १८११ मध्ये नवा करार छापून निघाला. गोव्यात त्याआधी दोनशे वर्षं, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत झालं होतं. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, विधवांच्या दुःखावरचं, आणि पुढे नव्या करारावर टीका लिहिली. त्यांच्या लेखणीत वचन आणि समाजाची कणव कुठे वेगळी काढता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते केडगावच्या छापखान्याबद्दल. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. आणि तिथेच रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून बायबल मराठीत आणत बसल्या होत्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं, ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं, त्यांनी हे भाषांतर मुद्दाम साध्या मराठीत केलं, खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून. खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, पानं बांधणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. दुष्काळात मरायला टाकलेल्या मुलींनी शास्त्राची पानं छापली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं. पहाटेची प्रार्थना, दिवसभर शेत आणि छापखाना, रात्री पुन्हा प्रार्थना, हा त्या आश्रमाचा दिनक्रम. प्रार्थना, शास्त्र आणि सत्कर्म एकत्र जगणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी केडगावकडे बोट दाखवतो.

याच परंपरेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो येतात. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये आमच्याच मराठवाड्यात, उस्मानाबादला, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, पण उस्मानाबादकरांनी त्यांना प्रेमाने आपलं म्हटलं. वसईतल्या जमिनी आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेला हा धर्मगुरू २०२४ मध्ये गेला.

प्रार्थनेचं मराठीपण आम्हाला दिलं नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्याआधी नगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली आणि विलायती चालींवर गाणाऱ्या मंडळीला आपला आवाज सापडला. अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठी माणसाने वाचलेलंच असतं, त्यामुळे इथे त्यावर थांबत नाही. एवढंच सांगतो, की नर्सीच्या दिंडीतली झांज आणि आमच्या घरप्रार्थनेतली झांज एकाच दुकानातून येते, आणि त्यात मला फार समाधान वाटतं.

आता सेवेकडे. वसमतच्या उत्तरेला, हिंगोली ओलांडून वऱ्हाडात शिरलं की वाशीम. १९३६ मध्ये भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी तिथे दवाखाना उभारला, रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. सुरुवात १९३८ मध्ये, मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारतीत. त्या जवळजवळ चार दशकं तिथे राहिल्या. शस्त्रक्रिया त्याच करायच्या आणि नव्या इमारतीच्या बांधकामावर देखरेखही त्याच ठेवायच्या. परिचारिका शिकवून तयार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळजणी गावोगाव गेल्या. जालन्याचं मिशन हॉस्पिटल, मिरजेचं वानलेस, वडाळ्याचं मिशन हॉस्पिटल, अशी ही माळ आहे.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते जामखेडने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. लग्नाच्या दिवशीच त्यांनी देवापुढे शपथ घेतली, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. वडाळ्याच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरी करून घरी पाठवलेली मुलं त्याच आजाराने पुन्हा येतात. रोग पाण्यात होता, भुकेत होता, जातीत होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला त्यांनी काम सुरू केलं. तेव्हा दर हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांनी तो आकडा पंचविसाच्या खाली आला होता.

हे कुणी केलं? गावातल्याच बायकांनी. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. गावाने निवडायचं आणि जामखेडने शिकवायचं. ठरल्या दिवशी त्या जामखेडला जमत, जमिनीवर गोल बसून शिकत, रात्री मुक्काम करत. सुरुवातीला मराठ्याची बाई महाराच्या बाईशेजारी बसेना. मग एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत आणि झोपायला सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण. १९७२ च्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं आरोळ्यांनी पाहिलं. पाणी हवं तर सवर्ण बाईला तिथे यावं लागलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांचा दिवस प्रार्थनेने सुरू होई, पण औषधाच्या बदल्यात कुणाला धर्म विचारला गेला नाही. आरोग्यसेविका हिंदू होत्या, मुसलमान होत्या, बौद्ध होत्या.

हा मुद्दा मी जपून मांडतो, कारण ख्रिस्ती सेवेवर आमिषाचा आरोप जुना आहे. विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या वेळी रमाबाईंवरही तो झाला. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचं जे चित्र आहे, त्यात भुकेल्याला जेवू घालणाऱ्याला धर्म विचारलेला नाही आणि जेवणाऱ्यालाही नाही. सेवेला अट घातली की ती व्यवहार होते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं दुखणं आमच्या आतलं आहे. जात मंडळीतही आली. कुणाच्या पंगतीला कुणी बसायचं, सोयरीक कुणाशी करायची, हे बाप्तिस्म्याने मिटलं नाही. त्यात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती दलिताला मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. त्यामुळे गरीब घराला कागदावरचा धर्म आणि रविवारचा धर्म यांत निवड करावी लागते. मजुरी करून लेकराला शिकवणाऱ्या बापाला यात दोष देणारा मी कोण?

आणि तिसरं, ज्यासाठी हा लेख लिहिला. दवाखाने उभे राहिले तसे आम्ही सामान्य मंडळी सेवेतून मोकळे झालो. आजाऱ्याला बघायला वाशीम आहे, अनाथाला बघायला केडगाव आहे, आपण रविवारी उपासनेला जायचं, उपवास प्रार्थनेला बसायचं, हंगामाच्या सणाला पायलीभर धान्य आणून लिलावात बोली लावायची. याकोबाच्या पत्रावर आम्ही दर वर्षी प्रवचन ऐकतो. त्यातलं कृतीबद्दलचं कडक बोलणं मात्र कुणीतरी दुसऱ्यासाठी असल्यासारखं ऐकतो.

जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं, की डॉक्टर नसला तरी पुष्कळ काही होतं. वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव इथल्या मंडळ्यांनी एक काम या वर्षी घ्यावं. दिवाळी झाली की आमच्या भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात. गाड्यांवर मुलंही चढतात आणि त्यांची शाळा चार-पाच महिने सुटते. जी म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतात, त्यांना संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं कुणी नसतं. आपल्या मंडळीची संडे स्कूलची खोली सोमवार ते शनिवार कुलूपबंद असते. तिचं कुलूप काढा. सातवी-आठवी शिकलेली आपली एक बहीण आणि निवृत्त झालेला एक मास्तर तिथे रोज संध्याकाळी दोन तास बसू द्या. कोणत्याही धर्माचं मूल येऊ द्या, त्याला फक्त पाढे आणि वाचन शिकवा. घरप्रार्थनेत त्या मुलांची नावं घ्या. शुभवर्तमान त्यांना सांगायची घाई करू नका. आणि हे काम पुढच्या हंगामाच्या सणापर्यंत लांबवू नका, कारण कोयते या दिवाळीनंतरच निघणार आहेत.