कॉकटेल शेकर घ्यायचाय? दारू नसली तरी चालेल, पण बर्फाचं गणित आधी समजून घ्या

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसतं. चकचकीत स्टीलचा शेकर, खांद्याच्या वर नेऊन दहा-बारा सेकंद खडखडाट, मग उंचावरून ग्लासात पडणारी धार आणि वर पांढरा फेस. ते पाहून मुंबई-पुण्यातच काय, यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातही शेकर ऑनलाइन मागवला जातो. पार्सल येतं, पहिलं सरबत होतं, आणि तक्रारी सुरू होतात. सरबत पाणचट झालं, झाकण अडकलं, नाहीतर अर्धं सरबत शर्टावर सांडलं.

यात दोष दर वेळी शेकरचा नसतो. रील एसी लावलेल्या बारमध्ये शूट झालेलं असतं, आणि आपण मे महिन्यात दिग्रसच्या स्वयंपाकघरात उभे असतो. फरक तिथून सुरू होतो.

शेकर नेमकं करतो काय?

तीन कामं. पेय गार करतो, त्यात हवा मिसळून फेस आणतो आणि थोडं पाणी मिसळतो. लोक विसरतात ते तिसरं काम. बर्फ स्वतः वितळल्याशिवाय पेय गार करत नाही, म्हणजे गारवा हवा असेल तर पाणी वाढणारच. किती वाढणार, हा खरा प्रश्न.

एक साधा हिशोब करू. 1 ग्रॅम बर्फ वितळताना साधारण 334 ज्यूल उष्णता ओढून घेतो. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने गार करायला साधारण 4.18 ज्यूल काढून घ्यावे लागतात. आता समजा, 200 मिली लिंबू सरबत माठाबाहेरच्या पाण्याने केलंय आणि खोलीचं तापमान 38 अंश आहे. विदर्भातल्या मे महिन्यासाठी हा आकडा काही फार नाही. ते शून्यापर्यंत आणायला सुमारे 95 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. शेकरचं स्टीलही तेवढंच तापलेलं असतं. 300 ग्रॅमचा शेकर गार करण्यात आणखी 17 ग्रॅमच्या आसपास बर्फ जातो. म्हणजे 200 मिली सरबतात 110 मिलीच्या वर पाणी. पाणचट लागणार नाही तर काय!

हेच सरबत फ्रिजमध्ये 8 अंशांपर्यंत गार केलेलं असेल आणि रिकामा शेकरही त्याच्याशेजारी ठेवलेला असेल, तर 25 ग्रॅमच्या आत काम भागतं. फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या खाली असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील, पण प्रमाण हेच राहतं. दुपारी लाइट गेली आणि फ्रिज बंद असला तर? मग साखर, मीठ, लिंबू सगळं दीडपट घाला, बर्फाचं पाणी ते सांभाळून घेईल. कैरीच्या पन्ह्याला ही अडचण येत नाही, कारण त्याचा गर आपण घट्टच करून ठेवतो.

रीलमधला शेकर बाहेरून पांढराफटक होतो, आपला होत नाही, ही आणखी एक शंका. त्याचं कारण अल्कोहोल. अल्कोहोल मिसळलेलं पाणी शून्याखाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून कॉकटेल बर्फासोबत हलवल्यावर उणे 5 अंशांच्या आसपास जाऊ शकतं. सरबत शून्याच्या जवळपास थांबतं, साखरेमुळे फार तर किंचित खाली. त्यामुळे स्टीलवर हिम न धरता नुसतं दव येतं. दव आलं, हाताला चटका बसेल इतकं भांडं गार लागलं, की थांबायचं. 10 ते 15 सेकंद पुरतात. पुढे हलवत राहिलात तर गारवा वाढत नाही, पाणी तेवढं वाढतं.

तीन प्रकार, त्यातला घरी कोणता?

तीन भागांचा शेकर म्हणजे खाली पेला, वर गाळणी असलेलं झाकण आणि त्यावर छोटी टोपी. याला कॉबलर म्हणतात. अमेरिकेत ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांनी 1884 मध्ये अशा शेकरचं पेटंट घेतलं होतं. घरगुती वापरासाठी हाच सोपा, कारण वेगळी गाळणी लागत नाही. पण पुदिन्याची पानं किंवा संत्र्याचा गर असला की त्याची भोकं बुजतात.

दुसरा बोस्टन. यात एक मोठा आणि एक छोटा पेला एकमेकांत तिरका बसवतात. बारमध्ये हा चालतो, कारण पटकन उघडतो आणि धुवायला सोपा. घरी पहिले चार-पाच प्रयत्न मोरीजवळ उभं राहून करावेत. छोटा पेला काचेचा मिळत असेल तर घेऊ नका, स्टीलवर आपटून फुटला तर तुकडे सरबतातच पडतात. तिसरा पॅरिसियन, दोन भागांचा आणि दिसायला देखणा. आपल्याकडे तो कमीच दिसतो.

दोन ग्लास सरबतासाठी 750 मिलीचा शेकर योग्य. 500 मिलीत बर्फ टाकल्यावर एकाच ग्लासाची जागा उरते. कितीही मोठा असो, दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. आत हवाच नसेल तर फेस कुठून येणार?

स्टील 304 दर्जाचं असलं तर उत्तम. दुकानात लोहचुंबक लावून पाहायची पद्धत आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील 304 च, असं नसतं. 201 किंवा 202 सारखं स्वस्त स्टीलही बहुतेकदा चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा आत बोट फिरवून कडा धारदार नाही ना, हे पाहा. घरी आणल्यावर अर्धा शेकर पाणी भरा, झाकण लावा आणि उलटा करून मिनिटभर धरा. गळत असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी कळलेलं बरं.

तांब्याचा शेकर सुंदर दिसतो, पण...

इथे थोडं थांबायला हवं. ऑनलाइन दुकानांत तांब्याचे शेकर आणि मग भरपूर दिसतात आणि फोटोत ते स्टीलपेक्षा उठून दिसतात. पण शेकरमध्ये आपण बहुतेक वेळा लिंबू, संत्रं, कोकम, कैरी असं आंबटच घालतो. आंबटाचा आणि तांब्याचा संबंध आला की तांबं पेयात उतरतं. त्याने मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्यविभागाने 2017 मध्ये तांब्याच्या मगमधून लिंबाचं कॉकटेल देण्याबद्दल याच कारणासाठी इशारा दिला, आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या.

आपल्याकडे आजीला हे आधीच माहीत होतं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट वरण ठेवलं की ते कळकतं, हा शब्दच त्यासाठी आहे. म्हणून तांब्याचा शेकर घ्यायचाच असेल तर आतून स्टीलचा थर असलेला घ्या. बाहेरून तांब्याचा मुलामा असलेला चालतो. आतून लालसर दिसला तर तो शोकेसमध्ये ठेवा.

काय घालायचं नाही?

सोडा आणि गरम पेय. सोडा बंद भांड्यात हलवला की गॅस सुटतो आणि झाकण उडतं. सोडा नेहमी ग्लासात, शेवटी. गरम कॉफीचंही तसंच. वाफेने आत दाब वाढतो आणि अंगावर उकळतं पेय येऊ शकतं. कॉफी आधी गार होऊ द्या.

गार कॉफी मात्र शेकरमध्ये फार छान होते. ग्रीसमधली प्रसिद्ध फ्रापे कॉफी अशीच जन्मली. 1957 मध्ये थेसालोनिकीच्या व्यापार प्रदर्शनात नेस्कॅफेचे प्रतिनिधी दिमित्रिस वाकोंदिओस यांना गरम पाणी मिळालं नाही. मग त्यांनी इन्स्टंट कॉफी, गार पाणी आणि बर्फ शेकरमध्येच हलवलं. घरी तेच करा: दोन चमचे इन्स्टंट कॉफी, साखर, थोडं पाणी, बर्फ. दूध नंतर.

ताकही होतं, पण रवीची सर नाही. आणि साय जास्त असेल तर फार वेळ हलवू नका, लोणी येईल. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर लगेच हलवून प्यावा, ठेवला की कडवट होतो.

बर्फ घरच्या ट्रेचाच वापरा. बाहेरून आणत असाल तर रंग बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. निळसर लादी मासे ठेवायला असते, सरबताला नाही.

आणि दारू घालायची असेल तर?

शेकर विकत घेण्यावर कसलंही बंधन नाही. दारूवर आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि दारू बाळगायला, प्यायला परवाना लागतो. व्हिस्की, रम, व्होडकासाठी वय 25 पूर्ण हवं, बिअर आणि वाइनसाठी 21. दिग्रसकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. यवतमाळला लागून असलेला वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. पाहुण्यांकडे कॉकटेल करून दाखवायला शेकर न्या हवा तर, बाटली सोबत नेली तर गुन्हा होतो.

झाकण अडकलं तर

आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. जोर लावून पिळू नका. कॉबलरच्या झाकणाभोवती कोमट पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा मिनिट धरा, सैल होतं. बोस्टन असेल तर दोन पेल्यांमध्ये जिथे फट सुरू होते, तिथे तळहाताच्या टाचेने एक थाप मारा. धुतल्यावर झाकण लावून ठेवू नका. भाग वेगवेगळे पालथे घाला, नाहीतर आठवडाभराने उघडल्यावर जुन्या दुधाचा वास येतो आणि तो रबरी रिंगमधून सहज जात नाही. गेला नाहीच तर रिंग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा.