तीस क्रेडिट पॉइंट आणि काचेची नळी

नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असल्यामुळे, डॉक्टरांना व्यवसायाचा परवाना तिथूनच मिळतो, तो नवाही तिथेच करून घ्यायचा असतो आणि पदवीनंतर डॉक्टर काय शिकतो यावरही तेच विद्यापीठ लक्ष ठेवते, असा समज शहरात पुष्कळांचा असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांच्या महाविद्यालयांना संलग्नता देते, त्यांच्या परीक्षा घेते आणि पदव्या प्रदान करते, मात्र एम.बी.बी.एस. किंवा त्यापुढील पदवी घेतलेल्या व्यक्तीला राज्यात रुग्ण तपासण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो तो मुंबईतील महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव लागल्यावर, आणि ही परिषद १९६५ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली काम करते. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या आणि औषधनिर्माण यांच्या परिषदा पुन्हा वेगळ्या आहेत.

हा फरक वरवर कार्यालयीन वाटला तरी पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे, कारण पदवी जन्मभराची असते आणि नोंदणी मात्र पाच वर्षांची. पाच वर्षे संपली की नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी महाराष्ट्रात त्या काळात ३० क्रेडिट पॉइंट मिळवल्याचा पुरावा द्यावा लागतो. हे पॉइंट ज्या व्याख्यानांतून, कार्यशाळांतून आणि परिषदांतून मिळतात त्यांना एकत्रितपणे निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हटले जाते. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ‘सीएमई’ एवढेच नाव आहे. कार्यक्रम कोणीही भरवला तरी पॉइंट मिळत नाहीत. त्यासाठी परिषदेची मान्यता लागते. तेव्हा भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी खरी असली तरी डॉक्टरची नोंदणी आज चालू आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोध घेऊन ते पाहण्याची सोय सर्वांना खुली आहे.

३० हा आकडा ऐकून हे मोठे ओझे असावे असे वाटते, आणि डॉक्टरांच्या काही वर्तुळांत तशी तक्रारही असते. या अपेक्षेचे मूळ भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत आहे, ज्यात प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणात सहभागी व्हावे असे म्हटले आहे. ३० तासांना पाच वर्षांनी भागले तर वर्षाला सहा तास येतात, म्हणजे महिन्याला अर्धा तास. ज्या व्यवसायात औषधांचे डोस, तपासण्या आणि उपचारांचे क्रम काही वर्षांत पूर्ण बदलू शकतात, तिथे महिन्याला अर्धा तास ही फार तर तळाची रेषा म्हणता येईल. ती गाठली म्हणजे डॉक्टर अद्ययावत झाला असे मानणे हाच या विषयातला सर्वांत खोल गैरसमज आहे, आणि तो रुग्णांइतकाच व्यावसायिकांमध्येही आढळतो.

याच्या अगदी उलट टोकाला, केस पिकलेला डॉक्टर हा आपोआपच जास्त जाणकार असतो, ही समजूत आहे. अनुभवाचे मोल मोठे आहे, यात शंका नाही: पोटावर हात ठेवून दुखण्याचे मूळ ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकांशी नीट बोलणे, कोणत्या रुग्णाला रात्रीच मोठ्या रुग्णालयात धाडायचे याचा अंदाज बांधणे, हे पुस्तकातून येत नाही. परंतु २००५ मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी ६२ अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यातील निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी मोजलेल्या सर्वच निकषांवर डॉक्टरांची कामगिरी घसरलेली दिसली. याचे स्पष्टीकरण आळसात शोधण्याचे कारण नाही. जे महाविद्यालयात पक्के शिकवले गेले ते हाताला बसते, आणि हाताला बसलेले सोडणे नवीन शिकण्यापेक्षा अवघड असते. क्षयरोगाचे उदाहरण घेतले तर १९९७ नंतर राष्ट्रीय कार्यक्रमात शिकलेल्या पिढीने आठवड्यातून तीन दिवस औषधे देण्याची पद्धत आत्मसात केली होती. २०१७ मध्ये देशाने रोज औषध देण्याची पद्धत स्वीकारली, आणि ती प्रथम सुरू करणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्या वर्षी वीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला, जी पद्धत त्याने शेकडो रुग्णांवर यशस्वीपणे वापरली होती, तीच बाजूला ठेवावी लागली. इथे अनुभव आड येऊ शकतो, आणि म्हणूनच अनुभवी माणसाला शिक्षणाची गरज कमी असते हे गणित चुकते.

मात्र शिक्षण म्हणजे सभागृहातील व्याख्यान, असे धरले तर हा प्रश्न सुटत नाही. सीएमईला जाऊन आलेला डॉक्टर सुधारून येतो ही समजूत तपासण्यासाठी अनेक नियंत्रित चाचण्या झालेल्या आहेत, ज्यांत डॉक्टरांच्या एका गटाला शिक्षण देऊन आणि दुसऱ्याला न देऊन पुढे त्यांच्या प्रत्यक्ष उपचारांची तुलना केली जाते. १९९९ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा आढळले, की नुसत्या व्याख्यानाने उपचाराच्या सवयी बदलत नाहीत, तर जिथे ऐकणाऱ्याला चर्चा करावी लागते, हाताने करून पाहावे लागते आणि काही काळाने पुन्हा एकत्र यावे लागते, तिथे बदल दिसतो. पुढच्या काळात वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने केलेल्या समीक्षेतही सभा आणि कार्यशाळांचा सरासरी परिणाम थोडाच, सहा-सात टक्क्यांच्या आसपासच, दिसला. क्रेडिट पॉइंटमध्ये मोजली जाते ती उपस्थिती. रुग्णाच्या खाटेजवळ काय बदलले ते त्यात मोजले जात नाही, आणि हा या व्यवस्थेचा खरा दोष आहे.

खाटेजवळ बदलणे म्हणजे काय, हे सर्पदंशाच्या एका तपासणीवरून नीट दिसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्या किंवा जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला साप चावला तर पहिली गाठ प्राथमिक आरोग्य केंद्राशी पडते, जिथे मोठी प्रयोगशाळा नसते. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ती बिघडली आहे का हे पाहण्यासाठी रुग्णाच्या शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून ती नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची असते. वीस मिनिटांनी नळी एकदा तिरकी करायची. आतला गोळा जागेवर राहिला तर रक्त गोठले आहे, आणि रक्त पाण्यासारखे वाहू लागले तर विष आपले काम करते आहे, असा त्याचा अर्थ. तपासणी इतकी सोपी असली तरी ती फसण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. नळी प्लास्टिकची असली, किंवा काचेची असूनही साबणाच्या पाण्याने धुतलेली असली, तर तिच्या भिंतीमुळे रक्त गोठण्याला मिळणारी चालना नाहीशी होते आणि निरोगी माणसाचेही रक्त पातळ राहू शकते. मध्येच कोणी ‘झाले का’ म्हणून नळी हलवून पाहिली तरी निकाल बिघडतो. शिवाय प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करून आणखी मात्रा लागते का ते ठरवायचे असते. उलट मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठते, दंशाच्या जागी सूजही नसते, आणि पापण्या जड होऊन मिटू लागणे एवढीच खूण सुरुवातीला दिसू शकते. तेव्हा गोठलेल्या नळीकडे पाहून रुग्णाला घरी पाठवणे प्राणघातक ठरते. हे सारे एका स्लाइडवर मावते, पण एकदा स्वतः नळी हातात धरून, घड्याळ लावून, परिचारिकेसोबत करून पाहिल्याशिवाय मध्यरात्री आठवत नाही.

ज्ञान नेहमी मोठ्या शहरातून खेड्याकडे येते, आणि ग्रामीण डॉक्टर ते फक्त घेणारा असतो, हाही समज इथेच तपासून घ्यावा. १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या आणि पुढे महाड येथे व्यवसाय करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या, विष हृदयावर कसा ताण आणते हे त्यांतून ओळखले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध त्यावर उपयोगी पडते असे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. त्यांच्याच नोंदींनुसार गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण, जे आधी पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात होते, ते या उपचारानंतर अगदी नगण्य झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या उदाहरणात शिकणे आणि शिकवणे यांतली भिंत उरत नाही: स्वतःच्या रुग्णांची नोंद ठेवून तिच्याकडे प्रश्नार्थक नजरेने पाहणे हेही निरंतर वैद्यकीय शिक्षणच आहे, आणि कदाचित त्याचे सर्वांत प्रामाणिक रूप.

औषध कंपन्यांविषयीचा समज थोडक्यात सांगता येईल. सीएमई म्हणजे कंपनीच्या पैशावरचे जेवण आणि सहल, असे सरसकट म्हणणे जसे अन्यायाचे आहे, तसेच असे घडतच नाही म्हणणेही खरे नाही. डिसेंबर २००९ पासून आचारसंहितेने डॉक्टरला कंपनीकडून भेटवस्तू, तसेच परिषदेला प्रतिनिधी म्हणून जाण्यासाठी प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. अशा खैरातीवरचा खर्च कंपन्यांना आयकरात वजा करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले. आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने आणलेल्या विपणन संहितेने परदेशात असे कार्यक्रम भरवण्याला बंदी घातली. कंपनीने पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमांना डॉक्टरांनी जाऊच नये अशी तरतूद असलेले राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम २ ऑगस्ट २०२३ रोजी आले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित झाले. म्हणजे दार अर्धेच लागले आहे, आणि ज्या व्याख्यानात एकाच औषधाचे नाव वारंवार येते तिथे सावध राहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावरच येते.

प्रमाणपत्रांचाही असाच घोळ होतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे त्या शाखेतील विशेषज्ञ झाला, असे रुग्णाला वाटू शकते. परंतु सीएमईने कोणालाही नवा अधिकार मिळत नाही, अधिकार मिळतो तो कायद्याने ठरवलेल्या अभ्यासक्रमाने. एम.बी.बी.एस. डॉक्टरला सोनोग्राफी करण्यासाठी २०१४ च्या नियमांनुसार सहा महिन्यांचे प्रशिक्षण लागते. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आरोग्य विद्यापीठामार्फत चालणारा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. २०१४ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीवर तो आधारलेला आहे आणि त्यावरून इंडियन मेडिकल असोसिएशन व होमिओपॅथी संघटना यांच्यात तीव्र वाद आहे, पण त्या वादाला सीएमईचा वाद समजू नये.

उरतो तो सर्वांत नुकसानकारक समज: हे सारे डॉक्टरांपुरतेच आहे. प्रत्यक्षात परिचारिकांना पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित आहे, तर औषध दुकानात बसणाऱ्या नोंदणीकृत फार्मासिस्टला २०१५ च्या नियमांनुसार पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. या लोकांच्या शिक्षणाने किती फरक पडतो याचा उत्तम पुरावा सीमाभागातील बेळगावचा आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने खेड्यांतील १,६२० बाळंतिणींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित सहायक परिचारिका-प्रसाविकांनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. त्याच कामातून एक साधी प्लास्टिकची चादर पुढे आली: तिचे टोक बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायचे, खालच्या निमुळत्या पिशवीत रक्त साठते आणि पिशवीवरच्या रेघांवरून ते किती गेले ते वाचता येते. डोळ्यांनी केलेला अंदाज आणि पिशवीतले माप ताडून पाहिले, तेव्हा अनुभवी डोळेही सुमारे एक तृतीयांश रक्त कमी धरतात, असे निघाले. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत अशीच रेघांची चादर, ठरलेला उपचारक्रम आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांचे एकत्र प्रशिक्षण यांचा संच वापरून पाहण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे नेहमीची पद्धत चालू होती तिथे अतिरक्तस्राव वेळेत ओळखला गेला तो सुमारे निम्म्या बायकांत, आणि जिथे सुईणी व डॉक्टर त्या रेघा वाचायला शिकले होते तिथे ९३ टक्क्यांत.