शहर बदलताना वस्तीची तुलना : अंजूर परिसराचे उदाहरण

एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात राहावयास निघालेले कुटुंब नव्या शहराविषयी बहुधा पहिला प्रश्न विचारते तो असा : 'आपल्यासारखी वस्ती तिकडे कोणती?' पुण्याचा मनुष्य ठाण्यात कोथरूड शोधू लागतो. दादरचा मनुष्य पुण्यात दादर शोधू लागतो. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरून जाणण्याचा तो सरळ मार्ग आहे. तथापि या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. वस्ती ही स्वतःचे गुण स्वतःपाशी बाळगणारी एक वस्तू आहे, आणि दोन वस्तू समोरासमोर ठेवून जशी त्यांची पारख करता येते तशी दोन वस्त्यांचीही करता येईल, असे ते गृहीत होय. हे गृहीत टिकण्यासारखे नाही. वस्ती म्हणजे मुख्यतः संबंधांचा समुच्चय : कामाच्या ठिकाणाशी, पाण्याशी, शाळेशी, नातलगांशी, उधारी देणाऱ्या दुकानदाराशी आणि कर घेणाऱ्या संस्थेशी. हे संबंध प्रत्येक कुटुंबाचे, किंबहुना कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे निराळे असतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात असलेल्या अंजूर या गावाचा परिसर घेऊन ही गोष्ट स्पष्ट करता येते.

जागा तीच, स्थान निराळे

अंजूर हे उल्हास नदीच्या खाडीलगतच्या पट्ट्यातील गाव. मराठ्यांच्या इतिहासात ते गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे परिचित आहे. १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या साष्टी–वसईच्या मोहिमेत या घराण्याची स्थानिक माहिती आणि माणसे मराठ्यांच्या उपयोगी पडली. त्या काळी दळणवळण मुख्यतः जलमार्गाने होत असल्याने ठाणे, साष्टी आणि वसई ही अंजूरची जवळची ठिकाणे होती. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग झाला. तो खाडीच्या दक्षिणेकडून गेला आणि भिवंडीचा सारा भाग मुख्य लोहमार्गापासून बाजूस पडला. खाडी पूर्वी जोडणारी होती. आता ती तोडणारी ठरली. नंतर आग्रा रस्ता आणि मोटारवाहतूक यांनी हे चित्र पुन्हा पालटले. गेल्या काही दशकांत मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांप्रमाणेच अंजूरचा परिसरही गोदामांच्या पट्ट्यात मोडू लागला. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ पर्यंत चालू होती. माल शहराच्या हद्दीबाहेर साठवून लागेल तेवढाच आत आणणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते, आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत जमीन स्वस्त होती. जकात गेल्यानंतरही गोदामे राहिली, कारण तोवर रस्ते, हमाल, वाहने आणि दलाल यांची सारी व्यवस्था तेथे उभी झाली होती. खाडीवरून मानकोलीस डोंबिवलीच्या मोठागावाशी जोडणारा पूल २०२५ साली वाहतुकीस खुला झाल्यावर दक्षिण तीरावरची वस्ती या परिसरास पुन्हा जवळची झाली.

या अवधीत अंजूर जागचे हलले नाही. पण त्याच्या 'जवळ' काय आहे, हे मात्र वारंवार बदलले. वस्तीचे मूल्य तिच्या मातीत नसून तिच्या संबंधांत असते, या विधानाचा अर्थ हाच.

नावाचा चकवा

नावावरून तुलना करण्यातील पहिली अडचण अगदी साधी आहे. 'अंजूर' हे गाव आणि 'अंजूरफाटा' हा नाका एक नव्हेत. अंजूरफाटा जुन्या आग्रा रस्त्यावर, भिवंडी शहरास लागून आहे. वसई–दिवा लोहमार्गावरील भिवंडी रोड हे स्थानक त्याच्या निकट आहे. अंजूर गाव तेथून काही किलोमीटर दूर, खाडीच्या बाजूस आहे. जाहिरातीत मात्र दोन्ही ठिकाणी नाव एकच. नाक्यावर राहणाऱ्यास रिक्षा, बाजार आणि दवाखाना पायाखाली असतो. गावात राहणाऱ्यास त्यासाठी वाहन लागते. नाव एक असले तरी दिनक्रम दोन होतात.

दुसरी अडचण लौकिकाची. वस्तीचा लौकिक तिच्या प्रत्यक्ष स्थितीपेक्षा फार सावकाश बदलतो. भिवंडीचे नाव काढताच १९७० आणि १९८४ सालच्या दंगलींची आठवण काढणारे लोक आजही भेटतात. ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे, तेही ती आठवण काढतात! याउलट एखाद्या उपनगराचा सुखवस्तूपणाचा लौकिक तेथील पाणी आणि रस्ते अपुरे पडू लागल्यावरही कितीतरी वर्षे टिकून राहतो. लौकिक ही माहिती खरी, पण ती गतकाळाची माहिती होय.

काय बरोबर नेता येते

यासंबंधी मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण उद्बोधक आहे. परळ–लालबागच्या चाळींत गिरणी पायी जाण्याच्या अंतरावर होती, गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या होत्या, खाणावळी होत्या आणि महिनाअखेरीस थांबणारा वाणी होता. काम मिळणे, कर्ज मिळणे आणि संप टिकवणे या सर्वांत शेजाराचा वाटा किती मोठा होता, हे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा व्यवसाय ओसरला आणि कापड विणण्याचे बरेच काम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या केंद्रांकडे वळले. चाळी होत्या तेथेच होत्या. पण ज्या संबंधामुळे त्या कामगाराला सोयीच्या होत्या, तो संबंधच नाहीसा झाला. शहर बदलणाऱ्या कुटुंबास अंगचे कौशल्य आणि गाठीचा पैसा बरोबर नेता येतो. वाण्याकडील पत आणि शेजारणीचा भरवसा नेता येत नाही. नव्या ठिकाणी तो पुन्हा मिळवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात.

यास एक महत्त्वाचा अपवाद आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषी पद्मशाली कुटुंब भिवंडीस आले, तर ते पद्मानगरकडे वळते. मालेगावचा मोमीन विणकर भिवंडीस आला, तरी त्याला आपल्या जातभाईंचे मोहल्ले सापडतात. या उदाहरणांत 'तिकडचे आपले हे कोणते' या प्रश्नास खरोखरच उत्तर असते. परंतु ते उत्तर वस्त्यांच्या बाह्य साम्यातून आलेले नाही. धंदा, भाषा आणि सोयरीक यांचे एकच जाळे दोन्ही शहरांत पसरलेले असल्यामुळे ते शक्य होते. म्हणजे अपवादही मूळ सिद्धांतास पुष्टीच देतो.

दिनक्रम हे माप

अर्थशास्त्रात निवासस्थानाच्या निवडीची दोन प्रसिद्ध विवेचने आहेत. चार्ल्स टीबो यांनी १९५६ साली असे मांडले की, निरनिराळ्या स्थानिक संस्था निरनिराळे कर आणि निरनिराळ्या सेवा देऊ करतात, आणि कुटुंब आपल्या पसंतीच्या ठिकाणी राहावयास जाऊन जणू पायांनी मत देते. विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ साली जागेचा खर्च आणि प्रवासाचा खर्च यांचा मेळ कुटुंब कसे घालते, ते दाखविले : दूर जावे तर जागा स्वस्त आणि प्रवास महाग. ही दोन्ही विवेचने उपयुक्त आहेत. पण दोन्हींत 'कुटुंब' हे एकच व्यक्ती असल्याप्रमाणे निवड करते. प्रत्यक्षात घर एक असले, तरी त्यातून रोज सकाळी निघणारे मार्ग अनेक असतात.

समजा, पुण्याहून येणाऱ्या एका कुटुंबातील पुरुषास अंजूर परिसरातील गोदामात नोकरी मिळाली आहे, पत्नी ठाण्यापलीकडे शिक्षिका आहे आणि मुलगी ठाण्याच्या महाविद्यालयात जाणार आहे. घर अंजूरफाट्यास घ्यावे की ठाण्यात, असा प्रश्न आहे. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. अंजूरफाट्याहून पुरुषास एका वेळी २० मिनिटे, पत्नीस ९० मिनिटे व मुलीस ४५ मिनिटे लागतात. ठाण्याहून हेच आकडे अनुक्रमे ६०, ४० आणि १० मिनिटे आहेत. आठवड्याचे सहा दिवस जाऊन-येऊन हिशेब केला, तर अंजूरफाट्यास ४, १८ आणि ९ असे एकूण ३१ तास होतात. ठाण्यास १२, ८ आणि २ असे २२ तास. 'नोकरी जवळ पडते' म्हणून अंजूरफाटा निवडणाऱ्या पुरुषाचे ८ तास वाचतात. पण पत्नीचे १० आणि मुलीचे ७ तास वाढतात. कुटुंबाचा निव्वळ तोटा आठवड्यास ९ तासांचा, म्हणजे महिन्यास सुमारे ३९ तासांचा होतो. अंजूरफाट्यास भाडे ६,००० रुपयांनी कमी आहे असे धरले, तर कुटुंबाने आपला प्रत्येक तास सुमारे १५४ रुपयांस विकला असा याचा अर्थ होतो. हा सौदा काही कुटुंबांना परवडेल, काहींना परवडणार नाही. पण वाचलेले पैसे सर्वांच्या सामाईक कमाईत पडतात आणि गेलेले तास पत्नी व मुलगी यांचे असतात, ही गोष्ट भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. पत्नीची नोकरी भिवंडीतच असती, तर याच दोन वस्त्यांचा क्रम उलटला असता. म्हणून 'अंजूरफाटा चांगला की ठाणे' या प्रश्नास कुटुंब सांगितल्याखेरीज उत्तर नाही.

या मोजणीत वेळेचे आणि ऋतूचे भान ठेवणे अवश्य आहे. दुपारी रिकाम्या रस्त्याने घर पाहून येणारास सकाळची आणि संध्याकाळची स्थिती कळत नाही. ट्रकांची वर्दळ, अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळांतच असलेला प्रवेश आणि पावसाळ्यात खड्ड्यांनी मंदावणारी वाहतूक यांमुळे एकाच अंतरास निरनिराळा वेळ लागतो. तद्वतच असलेल्या आणि होऊ घातलेल्या सोयींची नोंद वेगळी ठेवली पाहिजे. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या आराखड्यात अंजूरफाटा हे स्थानक आहे, हे खरे. परंतु आराखड्यातील स्थानकावर गाडी पकडता येत नाही.

हद्द आणि दप्तर

वस्तीचा आणखी एक संबंध डोळ्यांना दिसत नाही : ती कोणाच्या हद्दीत आहे, हा. भिवंडीभोवती एका रस्त्याच्या अलीकडे महानगरपालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. भोवतालच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २००७ साली विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्यामुळे घरपट्टी एका संस्थेकडे आणि बांधकामाची परवानगी दुसरीकडे, असे घडते. शहरातून आलेल्या कुटुंबास पाणी, कचरा आणि परवानगी या सर्वांसाठी एकच दार ठोठावण्याची सवय असते. येथे दारे अनेक असतात.

ही केवळ कागदपत्रांची बाब नव्हे. २०२० साली भिवंडीतील जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२३ साली वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर कुटुंबे अशी इमारत कोसळून माणसे दगावली. कमी भाड्याचे कारण प्रत्येक वेळी अंतर हेच असते असे नाही. कधी ते इमारतीच्या भिंतीत असते. यास्तव सातबारा उतारा, बिनशेती परवानगी, बांधकामाची मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र आणि नळजोडणी यांची पाहणी हा वस्तीच्या तुलनेचाच भाग मानला पाहिजे. नव्या प्रकल्पाची नोंदणी २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेरा या प्राधिकरणाकडे पाहता येते. भाड्याच्या घराचा करार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.

टीबो यांच्या मांडणीतील सर्वांत मोठी उणीव येथेच लक्षात येते. पायांनी मत देण्यासाठी दार उघडे असावे लागते. आडनाव, धर्म किंवा स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारून घर नाकारले जाते, तेथे कुटुंबाची 'पसंती' ही वस्तुतः उरलेल्या घरांतील पसंती असते. अशा कुटुंबाने निवडलेली वस्ती पाहून त्याची आवड अनुमानणे चुकीचे ठरेल.

अभ्यासकांसाठी

२०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणे नोंदविताना काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह यांबरोबर 'कुटुंबासह स्थलांतर' असाही एक रकाना होता. वरील उदाहरणातील शिक्षिका आणि तिची मुलगी त्या रकान्यात जमा होतील. त्या का आल्या, याचे उत्तर त्यांच्या नावावर नसेल, आणि येण्याने त्यांचे काय गेले याचे तर नाहीच. पाहणीत कुटुंबप्रमुखास विचारून घर बदलण्याचे कारण लिहून घेण्याची प्रथाही याच दोषास पात्र आहे. अंजूर परिसरासारख्या झपाट्याने बदलणाऱ्या भागाचा अभ्यास करावयाचा, तर पाहणीचा घटक कुटुंब न धरता कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचा दिनक्रम धरावा : कोठे जाते, किती वेळा, कोणत्या वाहनाने, आणि पूर्वीच्या शहरात यास किती वेळ लागे.

सारांश, वस्तीची तुलना म्हणजे दोन नावांची तुलना नव्हे. एकाच घरातील माणसांचे एका वस्तीतले दिवस आणि दुसऱ्या वस्तीतले दिवस यांची ती तुलना होय. ती करताना घरातील ज्या माणसाचा दिवस मोजला जात नाही, बहुधा त्याच्याच दिवसातून नव्या शहराची किंमत वसूल होते.