२६ इंची सायकल आणि पावणेपाच फुटांची मुलगी

जून महिना उजाडला की बारामतीच्या बाजारपेठेत वह्या, दप्तरे आणि रेनकोट यांच्याबरोबरीने सायकलींची खरेदी सुरू होते. आठवीत गेलेल्या मुलीची नवी शाळा गावापासून चार-पाच किलोमीटरवर असते, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही आणि रोज सोडायला-आणायला घरात कोणी मोकळे नसते. मग वडील एक दिवस तालुक्याला जातात आणि संध्याकाळी जीपच्या टपावर बांधलेली नवी कोरी सायकल अंगणात उतरते. जिच्यासाठी ती घेतली, ती मुलगी या खरेदीच्या वेळी बहुधा घरीच असते.

माझ्या भाचीच्या बाबतीत नेमके हेच घडले. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या कडेला तिचे घर. वय १३, उंची पावणेपाच फूट, म्हणजे १४५ सेंटिमीटर, अंगाने किरकोळ. दाजींनी आणलेली सायकल होती २६ इंची, लेडीज, पुढे बास्केट, मागे कॅरियर. ‘‘वाढत्या अंगाची आहे, पुढच्या वर्षी बरोब्बर बसेल,’’ असे दुकानदाराने सांगितले आणि दाजींनाही ते पटले. पहिल्या आठवड्यात ती कालव्यावरच्या रस्त्यावर दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा समोरून उसाच्या वाड्याने भरलेली बैलगाडी येत होती. थांबायचे म्हणून तिने पाय खाली सोडला, पण तो जमिनीला लागलाच नाही. त्यानंतर सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि घरात ‘हिला काही सायकल जमायची नाही, यंदा शाळेचं काय ते बघू’ अशी बोलणी सुरू झाली.

मुलीला सायकल जमत नव्हती, हे निदानच चुकीचे होते. मी टेप घेऊन सायकल मोजली तेव्हा ते लक्षात आले. सीट सर्वांत खाली उतरवल्यावरही तिची जमिनीपासूनची उंची ८३ सेंटिमीटर भरली. भाचीच्या पायाची आतील लांबी, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचे अंतर, ६६ सेंटिमीटर. मधली १७ सेंटिमीटरची तफावत चवड्यावर उभे राहूनही भरून निघणारी नव्हती. जिला तोल सावरणे अजून शिकायचे आहे, तिला आपण जमिनीपासून तोडून वर बसवले होते.

येथे एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे. आपण ज्याला सायकलचा ‘नंबर’ म्हणतो, तो २०, २४ किंवा २६ इंच हा आकडा चाकाचा व्यास असतो. सायकलस्वाराच्या शरीराशी खरा संबंध असतो तो फ्रेमच्या मापाचा. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्यांच्या, मध्यबिंदूपासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे फ्रेमचे माप. एकाच २६ इंची चाकावर १५ इंचांची फ्रेम बसवता येते आणि १९ इंचांचीही. दुकानात मात्र दुसरा आकडा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

लेडीज सायकलने तर ही चूक झाकण्याचेच काम केले आहे. पुरुषांच्या सायकलला आडवी दांडी असते. ती जांघेला लागली की सायकल मोठी आहे हे पोराला तत्काळ कळते. लेडीज सायकलची दांडी खाली वाकवलेली असल्यामुळे कितीही मोठ्या सायकलवर मुलगी सीटच्या पुढे दोन्ही पाय टेकून आरामात उभी राहते. पाहणाऱ्याला वाटते, माप बसले. परंतु उभे राहणे निराळे आणि सीटवर बसून पाय टेकणे निराळे. शिवाय हँडलपर्यंतचे अंतर तेवढेच लांब राहते. ते गाठण्यासाठी मुलगी पुढे ओणवी होते, कोपरे ताठ होतात आणि मग खड्ड्यातला प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत पोचतो.

पायाची लांबी घरच्या घरी मोजता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन्ही पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवावे. एखादे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर घ्यावे, त्याची कड भिंतीला काटकोनात टेकवावी आणि वरच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी. खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर हे आपले माप. साध्या जाड टायरच्या सायकलीसाठी या सेंटिमीटरना ०.२२५ ने गुणले की फ्रेमचे माप इंचांत मिळते. ६६ ला गुणले तर पावणेपंधराच्या आसपास. भाचीच्या सायकलची फ्रेम होती १८ इंचांची! चाकाचा हिशेब ढोबळच असतो, पण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीला २४ इंची चाक साधारणतः योग्य ठरते. त्याहून उंच व्यक्तीने २६ इंचीकडे वळावे, तेही फ्रेम पाहूनच.

सीटच्या उंचीबाबत इंटरनेटवर दोन सूत्रे सर्रास आढळतात. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सांगते, की पायाच्या लांबीला ०.८८३ ने गुणा, तेवढे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटपर्यंत ठेवा. दुसरे हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांच्या १९६७ मधील अभ्यासातून आलेले: पायडल सर्वांत खाली असताना तेथपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या लांबीच्या १०९ टक्के असावे. ८४ सेंटिमीटर लांबीच्या पायाला आणि १७० मिलिमीटरच्या क्रँकला दोन्ही सूत्रे जवळजवळ एकच उत्तर देतात. मात्र ६६ सेंटिमीटरच्या पायाला पहिले ५८.३ सांगते आणि दुसरे ५४.९. साडेतीन सेंटिमीटरची ही दरी म्हणजे गुडघा दुखणे आणि न दुखणे यांतला फरक होय. कारण उघड आहे. उंच शर्यतपटूच्या पायाशी जुळणारा तोच १७० मिलिमीटरचा क्रँक आखूड पायांच्या मुलीला दिला, की पायडल वर येताना तिचा गुडघा फारच दुमडतो आणि खाली जाताना पाय ताणला जातो. २४ इंची सायकलींना अनेकदा १५२ मिलिमीटरचा क्रँक असतो. लहान चाकाइतकाच हाही तिचा फायदा आहे.

म्हणून लहान चणीच्या व्यक्तीने सूत्रापेक्षा टाचेवर विश्वास ठेवावा. कोणीतरी सायकल धरावी, आपण सीटवर बसून पायडल तळाशी न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय नेमका सरळ झाला, कंबर एका बाजूला कलली नाही, तर उंची बरोबर. चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात मग आपोआप थोडा बाक राहतो. अर्थात ही पुढची गोष्ट. शिकण्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सीट मुद्दाम खाली ठेवावी, इतकी की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर टेकावेत. त्या काळात पायडल मारायला जड जाते, जाऊ द्यावे. तोल आला की दर आठवड्याला अर्ध्या इंचाने सीट वर घ्यावी. सीटच्या नळीवर कोरलेली मर्यादेची खूण मात्र कधीही बाहेर दिसता कामा नये.

हाताकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. हँडल धरलेले असताना दोन बोटे ब्रेकच्या खटक्यावर सहज पोचली पाहिजेत. केबलच्या ब्रेकमध्ये खटक्याजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो पिळून खटका हँडलच्या जवळ आणता येतो. जुन्या पद्धतीच्या, लोखंडी सळईच्या ब्रेकमध्ये ही सोय नाही. बारामती-इंदापूर भागात गाळपाच्या हंगामात, दिवाळीपासून पुढे चार-पाच महिने, भवानीनगर, माळेगाव, बिजवडी या कारखान्यांकडे निघालेल्या जोड ट्रॉल्यांच्या रांगा रस्ता व्यापून असतात. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून वाहनांचा वेगही वाढला आहे. अशा रस्त्यावर ब्रेक न पोचणारा हात आणि जमीन न गाठणारा पाय यांचा हिशेब दुकानातच केलेला बरा.

राहता राहिला ‘वाढत्या अंगा’चा प्रश्न. मुलींच्या वाढीचा वेग साधारणतः ११-१२ व्या वर्षी सर्वाधिक असतो. पाळी सुरू झाल्यानंतर तो मंदावतो आणि त्यातही पायांची वाढ धडाच्या आधी थांबते. तेराव्या वर्षानंतर पायाच्या लांबीत जी भर पडते ती बहुतेक मुलींमध्ये काही सेंटिमीटरचीच. लहान सायकलची सीट त्याहून कितीतरी अधिक वर नेता येते. मोठ्या सायकलची सीट मात्र फ्रेमच्या खाली कशी नेणार? फ्रॉकची शिवण दुमडून ठेवतात, तशी फ्रेम दुमडता येत नाही.

हा प्रश्न केवळ शाळकरी मुलींचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे. पुण्या-मुंबईत चाळिशीनंतर सायकल शिकू पाहणाऱ्या कित्येकजणी या मापातच येतात आणि ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणून सोडून देतात. अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये खास ठेंगण्या स्त्रियांसाठी सायकली बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान केले. हँडल जवळ आणण्याचा तो सोपा मार्ग होता. दिसायला विचित्र, पण चालवायला सुखाची!

आमच्या पिढीला एका अर्थी हा त्रास नव्हता. सायकल तासाच्या भाड्याने मिळत असे. आधी छोटी, मग मधली, मग वडिलांच्या काळ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. माप बदलत गेले आणि कोणाला त्याचा खर्च जाणवला नाही. आता कुटुंब एकदाच सायकल घेते, म्हणून ती घेताना चालवणारीला बरोबर नेणे अपरिहार्य आहे. शिवाय कॅरियर, स्टँड, बास्केट धरून साधी पोलादी सायकल १६ ते २० किलो भरते. ३५ किलोच्या मुलीने ती दुकानातच एकदा स्टँडवरून उतरवून वळवून पाहावी.

भाचीची सायकल आम्ही थोडे पैसे सोडून बदलून घेतली. या खेपेस ती स्वतः बारामतीला आली होती. दुकानात तीन सायकलींवर बसली आणि १४ इंची फ्रेमची, २४ इंची चाकांची निवडली. सीट सर्वांत खाली असताना ती जमिनीपासून ७१ सेंटिमीटरवर होती. बसल्यावर तिचे दोन्ही चवडे खाली टेकले, तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून समोर पाहिले. गौरी-गणपतीत मी इंदापूरला गेले, तर सीट चांगली चार बोटे वर सरकलेली होती.

‘‘कोणी वर केली गं?’’

‘‘मीच, मावशी. दाजीकाकांचा पाना आणला शेजारून.’’