कावळा शिवतो म्हणजे काय?

सातवीत असताना एके दिवशी घाबरून शाळेतून घरी आले. आई एवढेच म्हणाली, "कावळा शिवला तुला. आता पोरांबरोबर खेळायचं नाही." कावळा अंगावर कधी बसला, हे मी रात्रभर आठवत राहिले! आमच्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आईने मुलीला द्यावयाचे शिक्षण या दोन वाक्यांत संपते. वडील तर अवाक्षर काढीत नाहीत.

या विषयाचे आपले शब्दच पाहा. मुलीला 'विटाळ' होतो, मुलाला 'स्वप्नदोष'. म्हणजे निसर्गाने केले त्याला आपण अगोदरच दोष ठरविले. वस्तुतः गर्भाशयात दर महिन्याला एक अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते रक्तावाटे बाहेर पडते. त्यात अपवित्र काहीच नाही. वयात येणाऱ्या मुलाचे वीर्य झोपेत बाहेर पडते, त्यानेही शक्ती जात नाही. पण हे घरात कोणी सांगत नाही. म्हणून भाऊ भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती वाचून घाबरतो आणि हल्ली मोबाइलवर भलतेच पाहून शिकतो.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वी झाला आहे. महर्षी कर्वे यांचे पुत्र र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचक प्रश्न विचारीत, ते उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विचारलेल्या शंकेला ज्ञानाने उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या बाजूचा आशय होता. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, पण ही हकीकत मला कॉलेजच्या ग्रंथालयात समजली.

पुढे २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला आपल्याच राज्यात विरोध झाला व ते थांबविण्यात आले. हे घरी शिकवावे, असे तेव्हा काहींचे म्हणणे होते. पण चौथी शिकलेल्या, दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या आईने ते कोठून शिकवावे? तिला तरी कोणी सांगितले होते?

माझी धाकटी बहीण आता अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी वहीवर चित्र काढून तिला सारे समजावून सांगितले. आई भाकऱ्या थापीत पाठमोरी ऐकत होती. रागावेल असे वाटले. थोड्या वेळाने ती न वळताच म्हणाली, "दुखलं तर शेक घ्यायचा. आणि लपवायचं नाही. मला सांगायचं."

मित्रमैत्रिणींनो, आमच्या घरात या विषयावर झालेले हे पहिले बोलणे होय. कावळ्याचे नावही निघाले नाही.